नांवाचा शोध : मोतालाच्या कालव्यावर

प्रवासास निघतांना बरोबर कोणतें पुस्तक घ्यावें याविषयीं सुज्ञांचीं मतें भिन्न आहेत. कोणी स्थलवर्णनाचें पुस्तक घेतात, कोणी स्तोत्रांची पोथी घेतात, तर कोणी कांहींच न घेतां नुसते डोळे उघडे ठेवितात. आमचें मत असें कीं, ज्या गांवीं जावयाचें त्या गांवची एखादी चांगली कादंबरी बरोबर असावी. स्थलवर्णनाचें पुस्तक देवळाची उंची सांगतें. कादंबरी त्या देवळाच्या पायरीवर कोण बसतें तें सांगते. आणि ती कादंबरी गुन्ह्याच्या तपासाची असेल तर अधिकच बरें. कारण तपास करणाऱ्या मनुष्यास रस्ते, घाट, गाड्यांच्या वेळा, दारांच्या कड्या यांकडे लक्ष द्यावेंच लागतें, आणि त्याच्या मागोमाग वाचकही त्या गांवाकडे नीट पाहूं लागतो.

रहस्यकथा हा शब्द ऐकतांच पुष्कळ घरांतून अजूनही भुवया चढतात, हें आम्ही जाणून आहों. आमच्या चाकरीच्या काळांत बाबूराव अर्नाळकरांचे ‘काळापहाड’ आणि ‘झुंजार’ इतिहासाच्या पुस्तकाआड लपून वर्गांत येत असत. त्यांनीं कित्येक मुलांस वाचनाची गोडी लाविली, हें त्यांचें ऋण नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु आज जिच्याविषयीं लिहावयाचें आहे त्या कादंबरीची जात निराळी. तींत रहस्य आहे, पण वेषांतर नाहीं, भुयार नाहीं, अद्भुत बुद्धीचा नायक नाहीं. तींत आहेत कांहीं थकलेले सरकारी नोकर, कांहीं टेलिफोन, पुष्कळसे कागद, आणि एक कालवा. कादंबरीचें नांव ‘रोझॅना’. १९६५ सालीं स्वीडनमध्यें ती प्रसिद्ध झाली. आणि तिचे लेखक दोन, मय शोवाल ही स्त्री व पेर वालो हा पुरुष.

स्वीडनच्या दक्षिण भागांत लिन्शोपिंग नांवाचें शहर आहे. आमची कन्या व जामात नोकरीनिमित्त तेथें राहतात, म्हणून एका उन्हाळ्यांत दोन महिने त्या देशीं राहण्याचा योग आम्हांस आला. मोताला हें गांव तेथून आगगाडीनें तासाभराच्या आंत आहे. जामातांनीं लोइस रॉथ यांनीं १९६७ सालीं केलेल्या इंग्रजी भाषांतराची प्रत आणून दिली. आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. तथापि पुस्तकाची भाषा इतकी साधी व नेटकी कीं शब्दकोश क्वचितच उघडावा लागला. चार दिवसांत वाचून झालें, आणि पांचव्या दिवशीं आम्ही मोतालाची गाडी धरिली.

आधीं कालव्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. स्वीडनच्या पश्चिमेस व्हेनर्न म्हणून समुद्रासारखें विस्तीर्ण सरोवर आहे, आणि पूर्वेस बाल्टिक समुद्र. या दोहोंस जोडणारा मार्ग देशाच्या पोटांतूनच काढावा, म्हणजे डेन्मार्कच्या सामुद्रधुनींतून जातांना जहाजांस जो कर भरावा लागे तो चुकेल आणि युद्धप्रसंगींही वाहतूक चालू राहील, अशी ही कल्पना. तिच्यामागें बाल्त्सार फॉन प्लाटेन नांवाचा आरमारी अधिकारी हात धुऊन लागला. थॉमस टेल्फर्ड या विख्यात स्कॉटिश स्थापत्यविशारदाचा सल्ला त्यानें घेतला, आणि १८१० सालीं काम सुरू झालें. तें संपावयास १८३२ साल उजाडलें. योता कालव्याची एकंदर लांबी १९० किलोमीटर. पैकीं ८७ किलोमीटर मनुष्यांनीं खणलेला, बाकीची वाट वाटेंतील सरोवरांनीं दिलेली. खणणारे मुख्यतः सैनिक होते, सुमारें ५८,०००. आणि त्यांचें हत्यार म्हणजे लोखंडी पत्रा ठोकलेलीं लांकडी फावडीं. एवढें करून कालवा झाला. आणि १८६२ सालीं स्टॉकहोमहून योतेबोर्गला आगगाडी धांवूं लागतांच त्याचा व्यापार ओसरूं लागला. पुढें तो सहलीच्या बोटींचा झाला.

या कालव्याचा प्राण म्हणजे लॉक. ज्यांनीं असा कालवा पाहिलेला नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों. जहाज डोंगर चढूं शकत नाहीं. पण पाणी चढविलें तर पाण्याबरोबर जहाजही चढतें. म्हणून उतारावर दगडी भिंतींच्या कोठड्या बांधितात आणि प्रत्येकीस दोन्ही टोकांस दारें ठेवितात. खालचें दार उघडून जहाज कोठडींत घेतात, दार मिटतात, वरच्या अंगाची झडप सैल करितात. पाणी आंत घुसतें, जहाज हलके हलके वर येतें, आणि कोठडीचें पाणी वरच्या पाण्याशीं समपातळीस आलें कीं वरचें दार उघडतें. हें सारें पाण्याच्या स्वतःच्या वजनानें होतें. घाई करून चालत नाहीं. दोन्ही अंगांस पाणी सारखें झाल्यावांचून तें प्रचंड दार कितीही बळ लाविलें तरी उघडत नाहीं. अशा ५८ कोठड्या या मार्गावर आहेत, आणि त्यांतून जहाज समुद्रसपाटीपासून जवळ जवळ ९२ मीटर उंचीवर चढून पुन्हां खालीं उतरतें.

मोतालाच्या पूर्वेस बोरेन्सहुल्ट या ठिकाणीं अशा पांच कोठड्या पायऱ्यांप्रमाणें एकीस एक लागून आहेत. वर व्हेटर्न सरोवराकडून येणारें पाणी, खालीं बोरेन सरोवर. दोहोंमध्यें सुमारें १५ मीटरांचा उतार. कांठानें मोठमोठीं झाडें, आणि त्यांच्या सावलींत पूर्वीं ज्या वाटेनें बैल नावा ओढीत त्या वाटेवर आतां सायकली. आम्ही पोंचलों तेव्हां मुलें काठावर पाय सोडून आइसक्रीम खात होतीं, आणि एक वृद्ध बाई बांकावर बसून विणकाम करीत होत्या. जुलै महिना, त्या देशीं अशा दिवसांत रात्रीचे दहा वाजत आले तरी उजेड सरत नाहीं. इतक्या निर्मळ, निवांत जागीं कोणा लेखकास प्रेत कां सुचावें, असा प्रश्न कोणाच्याही मनांत यावा.

तेवढ्यांत खालच्या सरोवराकडून भोंगा ऐकूं आला, आणि एक पांढरी बोट पहिल्या दारापाशीं आली. तिच्या अंगावरील नांव वाचलें : डायाना. ही बोट १९३१ सालीं बांधलेली, आणि कादंबरींतील बोटही हीच. कोठडीची रुंदी सात मीटर, बोटीची पावणेसातांच्या घरांत. दोन्ही बाजूंस जेमतेम वीतभर जागा. खलाशी हातांत दोर घेऊन कांठावर उतरले, उतारूही खालीं येऊन बोटीच्या बरोबरीनें पायीं चालूं लागले, आणि ती बोट एकेक पायरी चढूं लागली. पाण्याचा रंग काळसर तपकिरी. हातभर खालचें दिसत नाहीं. तेव्हां पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणाचा अर्थ आम्हांस डोळ्यांनीं समजला.

तें प्रकरण असें. बोरेन्सहुल्टच्या पायथ्याशीं गाळ साचला आहे. तो कोणी काढावा याविषयींचा कागद या कचेरींतून त्या कचेरींत फिरत राहतो. लेखकद्वय हा प्रवास मुद्दाम सविस्तर, चेहरा गंभीर ठेवून वर्णितात. सरकारी खात्यांत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्या वाचकास त्यांत हसूं येतें आणि ओळखही पटते. अखेर गाळ काढणारें यंत्र येतें, आणि जुलैच्या आठ तारखेस दुपारीं तीन वाजून गेल्यावर त्याच्या पोहऱ्यांतून चिखलाबरोबर एका तरुण स्त्रीचें प्रेत वर येतें. अंगावर वस्त्र नाहीं, दागिना नाहीं, जवळ कागदाचा कपटा नाहीं. त्या गांवांतून कोणी बेपत्ता नाहीं, आणि साऱ्या देशांतून तिची चौकशी करणारें कोणी पुढें येत नाहीं. गांवचा पोलीस अधिकारी आल्बेर्ग एकटा पुरा पडत नाहीं, म्हणून स्टॉकहोमहून मार्टिन बेक व त्याचे सहकारी येतात, पाहतात, आणि हात हालवीत परत जातात.

या कथेचा उगमही या कालव्यावरचाच. शोवालबाईंनीं पुढें सांगितलें आहे कीं, त्या दोघांनीं याच कालव्यावरून बोटीचा प्रवास केला असतां एक अमेरिकन तरुणी कठड्याशीं एकटीच उभी असलेली त्यांनीं पाहिली, आणि आपल्या गोष्टीचा आरंभ हिच्या मृत्यूनें करावा, अशी कल्पना तेथेंच निघाली. दोघेंही पत्रकारितेंतलीं, रात्रीं मुलें निजल्यावर समोरासमोर बसून एकानें एक प्रकरण व दुसऱ्यानें दुसरें असें लिहीत. १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत अशा दहा कादंबऱ्या झाल्या. प्रत्येकींत तीस प्रकरणें, म्हणजे तीनशें प्रकरणांची ही एकच दीर्घ कथा. तिला त्यांनीं समग्र नांव दिलें तें ‘एका गुन्ह्याची कादंबरी’ असें. सुखवस्तु म्हणून मिरविणाऱ्या आपल्या समाजाचें पोट चिरून पाहावें, हा त्यांचा हेतु होता. दहावी कादंबरी निघाली त्याच वर्षीं वालो वारले. शोवालबाई २०२० पर्यंत होत्या.

आतां मुख्य मुद्याकडे येऊं. गुन्ह्याच्या कथेचीं दोन अंगें असतात : एक रहस्य, दुसरें तपास. रहस्य विचारतें, ‘कोणीं केलें?’ तपास विचारतो, ‘तें कशावरून कळलें?’ शेरलॉक होम्सच्या कथांत पहिलें अंग राजा आणि दुसरें त्याचा हुजऱ्या. होम्स पाहुण्याच्या बुटावरील चिखल पाहतो आणि निम्मी कथा उलगडते. नैयायिकांनीं सांगितलेलें धुरावरून अग्नीचें अनुमान आपण सारे शिकलों आहों. होम्स म्हणजे त्याचा चमत्कारिक अवतार. परंतु संसारांत धूर इतका स्वच्छ दिसत नाहीं. कधीं तो धुकें असतो, कधीं धूळ. आणि तो पर्वतावर आहे कीं पलीकडच्या गांवांत, हें ठरवितांनाच दिवस जातात. अमेरिकेंत एड मॅकबेन यानें १९५६ सालापासून एकाच ठाण्याच्या पोलिसांच्या कथा लिहून दुसऱ्या अंगास मान दिला होता. शोवाल-वालोंनीं तो धागा उचलला, आणि त्यांत कालव्याची मंदगति घातली.

या कादंबरींत पोलीस काय करितात? वाट पाहतात. पत्रें लिहितात. तारा पाठवितात. बेकला सर्दी होते, पोट बिघडतें. रात्रीं तो घरीं जहाजाची छोटी प्रतिकृति जुळवीत बसतो, आणि पत्नीशीं त्याचें फारसें जमत नाहीं. कोल्बेर्गला खाण्याची आवड; मेलांडरची स्मरणशक्ति अशी कीं त्यास दफ्तराची गरज नाहीं. हे देवमाणूस नव्हेत, राक्षसही नव्हेत. आपल्या शेजारच्या बिऱ्हाडांत राहणारे नोकरदार आहेत. बेकच्या मतें पोलिसाच्या अंगीं तीन गुण हवेत : चिकाटी, तर्कशुद्ध विचार आणि शांतपणा. तेज, धैर्य, प्रतिभा हे शब्द त्या यादींत नाहींत. आम्हांस ती यादी मास्तरकीसही लागू पडेल असें वाटलें.

आणि तीन महिने जातात. तीन महिन्यांपर्यंत पोलिसांस खुनी कोण हें तर नाहींच, पण मेली कोण हेंही ठाऊक नसतें. मग एके दिवशीं अमेरिकेंतून, नेब्रास्का प्रांतांतील लिंकन शहराच्या पोलिसांकडून, काफ्का नांवाच्या अधिकाऱ्याची तार येते : ती रोझॅना मॅग्रॉ, वय सत्तावीस, ग्रंथालयांत नोकरी. पुस्तकांतील सर्वांत रोमांचकारी क्षण आमच्या मतें हाच. पाठलाग नाहीं, पिस्तूल नाहीं. एका प्रेतास नांव मिळतें एवढेंच. पण त्या क्षणापासून सर्व बदलतें. तोंवर ती एक अडचण होती, फाइलींतील आंकडा होती. आतां ती कोणाची तरी मैत्रीण होते, कोठें तरी खोली भाड्यानें घेऊन राहणारी, पुस्तकें वाचणारी. ती डायाना बोटीवर होती हें कळतें. बोटीवर उतारू व नोकर मिळून पंचाऐंशी माणसें, आणि तीं आतां जगभर पांगलेलीं. त्यांपैकीं प्रत्येकास गांठावयाचें, प्रत्येकाजवळची छायाचित्रें मागवावयाचीं, आणि कोणाच्या चित्राच्या कोपऱ्यांत ती उभी आहे, तिच्या शेजारीं कोण आहे, हें भिंगाखालीं पाहावयाचें. लॉकमधील पाण्यासारखें हें ज्ञान बोटाबोटानें चढतें. आणि दोन्ही अंगांस पातळी सारखी झाल्यावांचून दार उघडत नाहीं.

बोरेन्सहुल्टच्या कांठावर बसून हें आठवीत असतां आमच्या मनांत सारखें येत होतें तें ‘मृच्छकटिक’. देवलांच्या नाटकामुळें ती कथा मराठी घरांस पाठ आहे. पण मूळ संस्कृतांतील एक बारकावा सहज निसटून जातो. शकारानें पुष्पकरंडक उद्यानांत वसंतसेनेचा गळा दाबिला, ती मेली असें समजून पाचोळ्यानें झांकून टाकिली, आणि न्यायसभेंत जाऊन चारुदत्तावर खुनाचा आळ घेतला. न्यायाधीश सज्जन आहे. त्यास सत्य हवें आहे. तो वीरकास घोड्यावरून उद्यानांत पाठवितो : तेथें स्त्रीचें प्रेत आहे कीं नाहीं, पाहून ये. वीरक येऊन सांगतो कीं, श्वापदांनीं खाल्लेलें एका स्त्रीचें शरीर पाहिलें. केंस व हातपाय यांवरून स्त्री असें ओळखलें. झालें! ती स्त्री होती एवढें कळलें. ती वसंतसेना होती हें कोणी विचारलेंच नाहीं. पुढें विदूषकाच्या काखेंतून दागिने पडतात, आणि निरपराध चारुदत्त सुळाच्या वाटेस लागतो. वसंतसेना तर जिवंत आहे. एका भिक्षूनें तिला वांचविलें आहे.

मग तें प्रेत कोणाचें? आठव्या अंकांत विट वाटेनें येतांना पाहतो कीं, झाड उन्मळून पडलें आहे व त्याखालीं एक स्त्री मरण पावली आहे. एका वाक्याचा हा उल्लेख. नंतर तीच बहुधा वीरकाच्या दृष्टीस पडली. ती कोण, कोणाची लेक, संध्याकाळीं तिची वाट कोण पाहत होतें, याविषयीं नाटकांत अवाक्षर नाहीं. नाटककारास तिची गरज प्रेत म्हणून होती. तें काम तिनें केलें. कवीस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. तो वसंतसेनेची व चारुदत्ताची कथा सांगत होता. परंतु मोतालाच्या कालव्यावर आम्हांस प्रथमच असें वाटलें कीं, चारुदत्ताच्या गळ्यांत सुळाची माळ पडली ती शकाराच्या कपटामुळें जितकी, तितकीच त्या निनांवी स्त्रीचें नांव कोणी न विचारल्यामुळें. मृताची ओळख पटविणें ही केवळ भूतदया नव्हे. तो न्यायाचा पाया आहे. तो हुकला कीं जिवंत माणूस मरतो.

आपल्या पूर्वजांस हें ठाऊक नव्हतें असें मात्र कोणी समजूं नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचें चौथें अधिकरण कंटकशोधनाचें. त्यांतील सातव्या अध्यायाचा विषय आशुमृतकपरीक्षा, म्हणजे अकस्मात् मेलेल्याची तपासणी. प्रेतास तेल लावून मग पाहावें, म्हणजे खुणा स्पष्ट दिसतात; गळा दाबल्यानें, बुडाल्यानें, विषानें मेलेल्यांचीं चिन्हें निरनिराळीं कोणतीं, हें तेथें सांगितलें आहे. आणि ज्याचें कोणी नाहीं अशा मृताविषयीं तर फार मार्मिक आज्ञा आहे : त्याच्या अंगावरील वस्तु, वस्त्र, वेष व भूषण पाहून तसल्या मालाच्या व्यापाऱ्यांकडे चौकशी करावी; तो कोठें राहत होता, कशासाठीं आला होता, त्याचा धंदा व व्यवहार कोणता, हें विचारावें; आणि मग पुढचा शोध घ्यावा. क्रम लक्षांत घ्यावा. आधीं मेला कोण, मग मारला कोणीं. मार्टिन बेकनें हा ग्रंथ वाचला असण्याचा संभव नाहीं. पण त्याचा क्रम तोच आहे. त्याची पंचाईत एवढीच कीं, रोझॅनाच्या अंगावर वस्त्र नव्हतें आणि भूषणही नव्हतें, त्यामुळें कौटिल्याचा व्यापारीही त्याच्या कामास येता ना.

पुस्तकांतील आणखी एका गोष्टीचा उल्लेख कुटुंबवत्सल वाचकांपुढें करणें अवश्य आहे. रोझॅनाची माहिती जसजशी मिळते तसतसें कळतें कीं तिचें वागणें स्वतंत्र होतें. आपल्याकडील वडिलधाऱ्या मंडळींस तें रुचणार नाहीं असें होतें. अशा वेळीं जग काय म्हणतें हें आपण सर्व जाणतों. ‘तिचेंच चुकलें असेल’ असें म्हटलें कीं चौकशी करणाराचे श्रम वांचतात आणि ऐकणाराची झोंप वांचते. बेक व त्याचे सहकारी तिच्याविषयीं कसलाही प्रश्न विचारावयास लाजत नाहींत, कारण उत्तर तपासास हवें असतें. पण त्या उत्तरावरून तिच्या मरणाची किंमत ते कमी करीत नाहींत. वसंतसेना गणिका होती, म्हणून तिचा गळा दाबणें हा लहान गुन्हा होत नाहीं, हें शूद्रकानें जाणलें होतें. घरांत वाढत्या मुलीसुना असलेल्यांनीं हा धडा शांतपणें विचारांत घ्यावा, अशी आमची विनंति आहे. तरुण मुलांनीं तर अधिकच घ्यावा.

तथापि पुस्तक निर्दोष आहे असें नाहीं. निदान त्यांतील पोलिसांची कृति निर्दोष नाहीं. अपराधी कोण हें आम्ही सांगणार नाहीं. परंतु एवढें सांगणें भाग आहे कीं, संशय पक्का होऊनही न्यायालयांत टिकेल असा पुरावा मिळत नाहीं, तेव्हां पोलीस सापळा रचतात, आणि त्यांत आमिष म्हणून उभी राहते ती त्यांच्यांतलीच एक तरुण स्त्री. ती स्वखुषीनें तयार होते; पण तिच्या जिवाशीं गांठ येते. येथें आमचें मन थबकलें. कौटिल्यही सिद्धपुरुषांच्या वेषांतील हेरांकडून दुष्ट तरुणांस मोहांत पाडून पकडण्याची युक्ति सांगतो. म्हणजे युक्ति जुनी आहे. पण जुनी म्हणून ती चांगली ठरत नाहीं, आणि सफल झाली म्हणूनही नाहीं. एका स्त्रीच्या मृत्यूचा न्याय मिळविण्यासाठीं दुसऱ्या स्त्रीचा जीव पणास लावावा काय? लेखकद्वय उत्तर देत नाहींत; मात्र शेवटीं विजयाचा डंकाही वाजवीत नाहींत. जुलैत आरंभिलेलें काम ऐन हिंवाळ्यांत पुरें होतें, आणि बेक थकून घरीं जातो. ज्या कथेच्या अखेरीस पोलीस आनंदानें नाचत नाहींत ती कथा प्रामाणिक समजावी.

संध्याकाळीं (म्हणजे घड्याळाची संध्याकाळ, सूर्य चांगला वर होता) आम्ही कालव्याच्या कांठानें मोताला गांवांत परत आलों. गांवाची आंखणी पंख्यासारखी, आणि ती फॉन प्लाटेनचीच. त्यानें १८२२ सालीं येथें यंत्रशाळाही काढिली. कालवा पुरा झालेला मात्र त्यास पाहावयास मिळाला नाहीं. तो १८२९ सालीं वारला, आणि त्याची समाधि येथेंच कालव्याच्या कडेस झाडांखालीं आहे. जागा मोठी रम्य आहे. समाधीवर त्याचें नांव आहे, आणि तें असावें हें योग्यच. बावीस वर्षांचें काम एका माणसाच्या हट्टावांचून होत नाहीं. पण पाण्याकडे पाहतां पाहतां त्या ५८,००० सैनिकांची आठवण झाली. त्यांची संख्या इतिहासास ठाऊक आहे. कालव्यावर मात्र आम्हांस एकाच माणसाचें नांव दिसलें. लांकडी फावड्यांनीं खणलेली ती ८७ किलोमीटरांची वाट हीच त्यांची खूण.

आपल्याकडे श्राद्धाच्या दिवशीं आपण नांव व गोत्र उच्चारून पिंड देतों. लहानपणीं तें केवळ विधि म्हणून पाहिलें. त्यांत नांवावर एवढा भर कां, याचें एक उत्तर सातासमुद्रांपलीकडच्या या पोलिसी कादंबरीनें दिलें असें आम्हांस वाटतें. ज्याचें नांव घेणारें कोणी आहे तो पुरता हरवत नाहीं. आणि ज्याचें घेणारें कोणी नाहीं त्याचें नांव शोधून काढणें हें कोणाचें तरी कर्तव्य असतें. कधीं तें आप्तांचें असतें, कधीं राजाचें, आणि कधीं सर्दीनें बेजार झालेल्या एखाद्या सरकारी नोकराचें.

ज्या वाचकांस स्वीडनला जाण्याचा योग येईल त्यांनीं मोताला पाहावें. लॉकच्या कांठावर निदान एक बोट चढून जाईपर्यंत बसावें. घाई असेल तर जाऊंच नये. ज्यांस योग नाहीं त्यांनीं पुस्तक मिळवून वाचावें. आणि यापुढें वर्तमानपत्राच्या कोपऱ्यांत ‘अनोळखी स्त्रीचें प्रेत सांपडलें’ अशी दोन ओळींची बातमी दिसेल, तेव्हां पान उलटण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. त्या दोन ओळींत एक नांव राहून गेलेलें असतें.